बीएस६ डिझेलमध्ये १५डब्ल्यू-४० का ओतलं नाही – रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात तो तुमचा हक्क आहे, पण त्यात जे लिहिलंय ते वाचून उद्या दुसरे बीएस६ (म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी नियमातल्या) डिझेल गाडीवाले पण तेच करतील म्हणून फोन न करता इथंच सगळ्यांसमोर लिहितोय, जरा मोठं होईल.

तुमचं म्हणणं असं की तुम्ही स्वतः नावाजलेल्या कंपनीच्या १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइलचा सीलबंद डबा आणला होता तरी आमच्या पोरांनी तो ओतायला नकार दिला, जवळपास दुप्पट भावाचं ५डब्ल्यू-३० घ्या म्हणाले, सोलापूरच्या ४३ डिग्रीत असलं पाण्यासारखं ऑइल घालून इंजिन खराब करायचं आणि वर कमिशन खायचं असला धंदा चाललाय, म्हणून तुम्ही शेवटी तोच डबा दुसरीकडं ओतून घेतला.

पहिलं म्हणजे पोरांना बोल लावू नका, तो नियम माझा आहे. गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधी मॅन्युअलमधलं ऑइलचं पान बघायचं आणि तिथं जे स्पेसिफिकेशन लिहिलंय ते डब्यावर नसेल तर डबा उघडायचा नाही, मग तो आमच्या कपाटातला असो नाहीतर गिऱ्हाइकानं आणलेला. तुमच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३०, असिआ सी३ असं लिहिलंय (असिआ म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, सी३ हा तिचा ऑइलचा दर्जा), मी स्वतः बघितलं. तुमच्या डब्यावर होतं १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ प्लस, एपीआय म्हणजे अमेरिकेतली तशीच दर्जा ठरवणारी संस्था. ऑइल खोटं नव्हतं, खराब पण नव्हतं, ट्रकला आणि जुन्या जीपला एकदम चांगलं आहे, आम्ही पण जुन्या डिझेल गाड्यांना तेच घालतो. तुमच्या गाडीचं ते नव्हे एवढंच.

आता पातळ-जाडचं. हे रोज कुणीतरी विचारतं आणि विचारणं चूक नाही, आपल्याकडचं ऊनच तसं आहे. पण बाहेर ४३ असो नाहीतर डिसेंबरात पहाटेचे १५ असोत, गाडी एकदा गरम झाली की आतलं ऑइल साधारण ९० ते ११० डिग्रीला असतं, कारण थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनाचं तापमान धरून ठेवतात. डब्यावरचा तो ३० किंवा ४० आकडा सुद्धा १०० डिग्रीला मोजलेल्या जाडीवरूनच ठरतो, होटगी रोडवरच्या उन्हावरून नाही. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या (जाडी मोजायचं माप) आत, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ च्या आत. फरक आहे, नाही असं नाही, पण तुम्ही समजता तसा पाणी आणि काकवीचा फरक नाही.

आणि खरी परीक्षा १०० डिग्रीला पण नसते, बेअरिंगमध्ये ऑइल दाबाखाली पिळून निघतं तिथं असते. त्यासाठी १५० डिग्रीला एक वेगळी टेस्ट असते, एचटीएचएस म्हणतात. साध्या ३० ग्रेडच्या ऑइलला त्यात कमीत कमी २.९ (मिलिपास्कल-सेकंद, हे पण जाडीचंच माप) चालतं, पण असिआ सी३ म्हणायचं असेल तर कमीत कमी ३.५ लागतं, आणि ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० ला पण कमीत कमी ३.५ च लागतं बघा. म्हणजे तुमच्या मॅन्युअलवाल्यांनी ३० ग्रेड सांगितली तरी दाबाखाली टिकायची अट या ४० वाल्यांएवढीच ठेवलीय. ५डब्ल्यू-३० एवढंच वाचून थांबलं तर हे कळतच नाही, कारण तो आकडा फक्त जाडी सांगतो. चादरीची लांबी-रुंदी सांगितली म्हणून सूत कुठलं ते कळतं का ओ, तसं आहे हे.

एक मुद्दा तुमचा बरोबर आहे तो मान्य करतो. ५डब्ल्यू-३० मधला ५डब्ल्यू हा कडाक्याच्या थंडीचा आकडा आहे, उणे ३० डिग्रीला इंजिन फिरलं पाहिजे असला, त्याची सोलापुरात गरज नाही, नुसती थंडीच बघायची तर १५डब्ल्यू पण आपल्याला भरपूर झालं. माझा नकार त्यासाठी नव्हताच.

नकार होता राखेसाठी. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं आणि तुमच्यासारख्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाईनमध्ये डीपीएफ बसला, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. काजळी साठली की गाडी स्वतः जादा डिझेल मारून ती जाळी ६०० डिग्रीच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते, त्यालाच रीजनरेशन म्हणतात. पण प्रत्येक इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतंच, आणि ऑइलमध्ये इंजिन साफ ठेवायला, झीज थांबवायला जे कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक घातलेलं असतं त्याची राख होते. ही राख जळत नाही. किती पण रीजनरेशन करा, ती जाळीत बसते ती बसतेच, आणि एकदा का जाळी राखेनं भरत आली की गाडी सारखी रीजनरेशन मागते, पिकअप मरतो, लाईट लागते, शेवटी जाळी काढून साफ करा नाहीतर नवीन टाका. नव्याचा खर्च गाडीप्रमाणे लाखाच्या आसपास जाऊ शकतो.

म्हणून सी३ मध्ये राखेला ०.८ टक्क्याची मर्यादा घातलीय. सीआय-४ हे २००२ चं स्टँडर्ड, तेव्हा ट्रकला डीपीएफच नव्हते, त्यामुळे त्यात राखेवर मर्यादाच नाही आणि असली ऑइलं बहुतेक १ टक्क्याच्या वरच असतात. ट्रकसाठी १ टक्क्याची मर्यादा आली ती २००६ च्या सीजे-४ पासून. तुम्ही काउंटरवर म्हणालात की डब्यावर पण सी आहेच की, तर एपीआयचा सी म्हणजे डिझेल इंजिनाचं ऑइल आणि असिआचा सी म्हणजे डीपीएफ आणि कॅटॅलिस्टला (सायलेन्सर लाईनमधला धूर साफ करणारा भाग) चालणारं ऑइल, दोन्हीचा एकमेकाशी संबंध नाही. इथं भले भले मेस्त्री फसतात.

आता हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण जर्मन गाड्यावाले पण आमच्याकडं येतात. काही कार कंपन्या असिआवर थांबत नाहीत, स्वतःचा नंबर देतात. फोक्सवॅगन-स्कोडाचं ५०४ ०० / ५०७ ००, मर्सिडीजचं २२९.५१, बीएमडब्ल्यूचं लाँगलाईफ-०४, जनरल मोटर्सचं डेक्सॉस. असिआ स्वतः कुठल्या डब्याला सर्टिफिकेट देत नाही, आमचं ऑइल सी३ मध्ये बसतं हे ऑइल कंपनीच टेस्ट करून स्वतः जाहीर करते. कार कंपनीचं अप्रूव्हल मात्र त्यांच्या टेस्ट पास होऊन कार कंपनीकडूनच मिळवावं लागतं. त्यामुळे डब्यामागची बारीक अक्षरं नीट वाचा. 'अप्रूव्हल' लिहिलंय का नुसतंच 'सुटेबल फॉर' किंवा 'रेकमेंडेड फॉर' लिहिलंय, यात खूप अंतर आहे, दुसरं म्हणजे ऑइल कंपनीचं स्वतःचं मत झालं. शंका आली तर मर्सिडीजची अप्रूव्ह केलेल्या ऑइलची यादी इंटरनेटवर उघडी आहे, एपीआयनं लायसन्स दिलेल्या ऑइलची पण आहे, पाच मिनिटात नाव सापडतं. मी स्वतः नवीन माल घेताना हेच करतो, सेल्समनच्या तोंडी सांगण्यावर घेत नाही.

कमिशनचं म्हणाल तर ऑइल विकून मला पैसे सुटतात हे उघड आहे, दुकान आहे माझं. पण माझ्याकडूनच घ्या अशी अट कुणालाच नाही. तुम्ही बाहेरून, ऑनलाईन, कुठून पण आणा, डब्यावर तुमच्या मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन आणि हातात पक्कं बिल असेल तर मी फक्त मजुरी आणि फिल्टरचे पैसे घेऊन ओततो, हे त्या दिवशी पण सांगितलं होतं, तुमच्या रिव्ह्यूत ते आलं नाही. बिल यासाठी की डुप्लिकेट माल बाजारात आहे आणि गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनाच्या क्लेमला कुठलं ऑइल घातलं ते विचारतात. आमच्याकडचा रिकामा डबा तुमच्यासमोर भोक पाडूनच भंगारात जातो, म्हणजे त्यात परत कुणी काही भरून विकू नये.

दोन भावात तुमच्या गाडीला बाराशे-पंधराशेचा फरक पडला असेल. ती रक्कम छोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण हजारो किलोमीटरवर वाटून बघा आणि शेजारी जाळीचा खर्च ठेवा.

आता पुढं काय करायचं ते सांगतो. ते ऑइल घातलंय म्हणून उद्या इंजिन बसणार नाही, घाबरू नका, राख हळूहळू साठते. पण पुढच्या ऑइल बदलापर्यंतचा पूर्ण इंटरव्हल काढू नका, जमेल तेवढ्या लवकर ड्रेन करा. तुमचं फिरणं म्हणालात ते सैफुल ते नवी पेठ, म्हणजे गाडी नीट तापायच्या आत बंद होते, अशानं रीजनरेशन अर्धवट राहतं आणि जादा मारलेलं डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून ऑइलमध्ये मिसळतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा तुळजापूर रोडला नाहीतर पुणे हायवेला अर्धा तास एकसारख्या स्पीडनं गाडी पळवा, आणि मध्येच रीजनरेशन चालू दिसलं तर लगेच बंद करू नका. सपाट जागेवर गाडी लावून डिपस्टिक बघत जा. लेव्हल कमी झाली तर लोक बघतात, वाढली तर कुणी बघत नाही, पण मॅक्सच्या वर गेली असेल तर त्यात डिझेल उतरलंय असं समजा आणि तशी चालवू नका, लगेच फोन करा.

सी३ चा डबा कुठून पण घेऊन या, ड्रेन करून ओतून देतो, डीपीएफमध्ये किती काजळी दाखवतंय ते स्कॅनरवर लावून तुमच्यासमोर बघू, त्याचे पैसे घेणार नाही. मॅन्युअल तेवढं गाडीतच राहू द्या.