असृज म्हणजे रक्त

जीवशास्त्रज्ञ डॉ. मनीषा इनामदार यांच्यावरचा तुमचा लेख आवडला. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत त्यांनी टाकून द्यायच्या मानवी भ्रूणांपासून मूळपेशींच्या (ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी घडतात, त्या) बीजेएनहेम१९ आणि २० या पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणारे पेशींचे संच, तयार केल्या, ते छान आलंय. पण त्यांनी अभ्यासलेल्या ‘असृज’ जनुकाला लेखात एकच ओळ? चुटपुट लागली. असृज म्हणजे संस्कृतात रक्त. चिलटांत हे जनुक निकामी केलं, की रक्ताच्या राखीव पेशी राखीव राहतच नाहीत, वेळेआधीच पक्व होतात. आमच्या देवगडात अढीतला हापूस जास्त पिकला की घोंगावतात ना, तीच तांबड्या डोळ्यांची चिलटं! शिकवणीच्या मुलींना भिंगातून दाखवली, तर एक म्हणाली, “बाई, ह्येच्यातून माणसाच्या रक्ताचा काय कळतला?” हेच जनुक उंदरात आहे, तुझ्यातही आहे म्हटल्यावर तिनं भिंग सोडलंच नाही.