पोकळ जागेचे वारसदार

घरात आर्केड मशीन बांधायला काय काय लागतं, याच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. प्लायवूड, जॉयस्टिक, बटणं, स्क्रीन. सुताराची तारीख, टेम्पोवाल्याची मर्जी आणि घरच्यांची संमती यांचा त्यात उल्लेख नसतो. याद्या करणाऱ्यांकडे बहुधा गॅरेज असतं. आमच्याकडे सोसायटीचं पार्किंग आहे, तेही पिवळे पट्टे मारलेलं, आणि पट्ट्याबाहेर साधी करवत टेकवली तरी सेक्रेटरी गॅलरीत येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत. नुसते उभे राहतात.

आर्केड मशीन म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधलं ते उभं कपाट. वर उजेड पडणारी पाटी, मध्ये तिरका स्क्रीन, कमरेच्या जरा वर दांडे नि बटणं, खाली नाणं गिळणारं तोंड. नव्वदच्या दशकात गणिताच्या क्लासच्या नावाखाली जे तिथे उभे असायचे त्यांना मी आणखी काय सांगणार? जे खरोखर क्लासला गेले, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे.

या कपाटाला एवढी खोली का असायची, तर आत जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब बसायची आणि तिचं ढुंगण मोठं. आता स्क्रीन पातळ. सगळे गेम चालवायला पत्त्यांच्या कॅटाएवढा ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक पुरतो. जुन्या मशीनच्या सर्किटची हुबेहूब नक्कल करणारं ‘मेम’ हे सॉफ्टवेअर 1997 पासून आहे. (गेम हक्काने मिळवावेत, हे आपलं सांगून ठेवतो.) थोडक्यात, आजच्या मशीनमध्ये सर्वांत जास्त काय असतं, तर रिकामी जागा. ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि ही गोष्ट घरात सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली.

“हे खाली पोकळ आहे का?” बायकोने विचारलं. आवाजात अचानक गोडवा.

“हो, पण हवा खेळायला—”

“दिवाळीचे मोठे डबे राहतील.”

आईने चष्मा लावला. गौरींचे मुखवटे आणि गणपतीच्या मखराचं सामान माळ्यावर किती वर्षं धूळ खातंय, याची तिने आठवण करून दिली. बाबांनी जुन्या दिवाळी अंकांचा विषय काढला. पाच मिनिटांत मशीन मंजूर झालं, फक्त त्यात गेम असणार आहेत याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग बटणं. पुण्याच्या तपकीर गल्लीत जगातली कोणतीही इलेक्ट्रॉनिक वस्तू मिळते, फक्त तिचं खरं नाव आपल्याला माहीत असायला लागतं. मी “गेमचं बटण” म्हणालो. काउंटरवरच्या काकांनी वर न बघता विचारलं, “व्होल्टेज?” आणि एक हिरवंगार बटण पुढे सरकवलं. पॅनलचं, 22 मिलिमीटरचं, लेथ मशीनला बसवतात तसलं.

“याला जोरात दाबायला लागतं हो.”

“मग जोरात दाबा.”

मला हवं होतं 28 मिलिमीटरच्या भोकात बसणारं, बोट टेकलं की टिक्क वाजणारं. आत एक मायक्रोस्विच, एवढाच जीव. ते अखेर शेजारच्या दुकानात मिळालं. जॉयस्टिकमध्येही असलेच चार स्विच असतात, आणि गंमत म्हणजे दांडा वर ढकलला की खालचा स्विच दाबला जातो, डावीकडे ढकलला की उजवा. तिरका ढकलला तर दोन. म्हणूनच 1980 च्या पॅकमॅनला चार दिशांचा दांडा लागतो. आठ दिशांच्या दांड्यावर तो कोपऱ्याकोपऱ्यावर गोंधळतो आणि भुतं त्याला खातात. उलट 1991 च्या स्ट्रीट फायटर टूला आठ दिशा पाहिजेत, वर प्रत्येक खेळाडूला सहा बटणं.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 18 मिलिमीटरचं, आठ बाय चारचं प्लाय आणलं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेलं बोर्ड, स्वस्त पडलं असतं, पण पावसाळ्यात ते पाणी पिऊन फुगतं. मिस्त्री ठरलेल्या दिवशी आले नाहीत, ते गृहीतच होतं. आले तेव्हा त्यांनी ड्रॉइंग उलटं, आडवं, उजेडात धरून पाहिलं.

“देवघर उंच घेतलंय तुम्ही.”

“देवघर नाही.”

“मग टीव्ही युनिट. पण हे तिरकं कशाला? सरळ करू. सनमाइका चांगला बसेल.”

मी समजावत राहिलो, ते मान हलवत ड्रॉइंगमधल्या तिरक्या रेघा पेन्सिलने सरळ करत राहिले. शेवटी वैतागून म्हणालो, “मिस्त्री, मुस्तफाचं मशीन आहे!”

पेन्सिल थांबली. कॅपकॉम कंपनीच्या त्या 1993 च्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण ते आपल्याकडे कुणी उच्चारलं नाही. त्यातल्या एका गड्याच्या नावानेच तो ओळखला गेला. पिवळी टोपी, धावत येऊन लाथ: मुस्तफा.

“आधी बोलायचं ना साहेब,” मिस्त्री म्हणाले आणि माझं ड्रॉइंग घडी करून खिशात घातलं. “हे दोघांचं काढलंय. मुस्तफा तिघांचा असतो.”

त्यानंतर मला विचारण्यात आलं नाही. बटणांच्या फळीची उंची त्यांनी टेपने मोजलीच नाही, हवेत दांडा धरून कोपर कुठे येतं ते बघून खूण केली. होल सॉने एकेक भोक पाडल्यावर आतून बोट फिरवायचे आणि कूस राहिली असेल तिथे पॉलिश पेपर मारायचे. आमच्या स्वयंपाकघरातली ट्रॉली याच माणसाने केली आहे आणि ती आजही अडकते.

तिसऱ्या खेळाडूमुळे फळी एवढी रुंद झाली, की बेडरूमच्या दारातून मशीन जाईना. ते हॉलमध्ये राहिलं. पाहुणे आधी त्यालाच नमस्कार करतात.

काम कधीच संपलं, पैसेही चुकते झाले. तरी मिस्त्री येतात. मागच्या दाराची बिजागरी त्यांना ढिली वाटते. ती घट्ट करायला दोन मदतनीस लागतात, आणि घट्ट झाली की नाही हे तिघांनी खेळून बघावं लागतं. परवा निघताना म्हणाले, “साहेब, हत्यारांची पिशवी रोज कुठे वाहायची? आत ठेवून जातो.”

आई आतून ओरडली, “मुखवट्यांना धक्का लावू नका म्हणावं!”