एवढं रक्त, धुणार कोण?

लग्न ठरायच्या आधी आम्ही तीनदा भेटलो आणि तिसऱ्या भेटीत नवरा म्हणाला, मला जपानी सिनेमे आवडतात. मी मनात म्हटलं वा, मुलगा वेगळा दिसतोय, शांत असणार, कुरोसावा म्हणून तिथला मोठा दिग्दर्शक, त्याचे सिनेमे वगैरे बघत असणार. कॉलेजात एकदा दाखवला होता आम्हाला कुरोसावा, मी अर्ध्यात झोपले होते पण ते काय मुलाला सांगायची गरज नव्हती. एकच प्रश्न विचारायचा राहिला, की बाबा रे कुठले जपानी सिनेमे? तो विचारला नाही आणि आज आठ वर्षं झाली, दर शनिवारी रात्री डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये कोणाची ना कोणाची मुंडी उडते.

झॉम्बी. त्यातही जपानी. आणि त्यातही स्वस्तातले, हे महत्त्वाचं.

मी अकाउंट्सची बाई आहे, त्यामुळे मला सिनेमा बघताना गोष्ट कमी आणि खर्च जास्त दिसतो. या सिनेमांचा हिशोब असा की सेटचा खर्च नाही कारण सगळं जंगलात नाहीतर बंद पडलेल्या कारखान्यात, लाइटचा खर्च नाही कारण दिवसाढवळ्याच चावतात, नटांचा खर्च नाही कारण जो पहिल्या दहा मिनिटांत मेला तोच मागे पांढरा चेहरा करून पुन्हा चालत येतो, आणि असे काटकसर करून वाचवलेले सगळे पैसे रक्तात. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं म्हणतात. इथे एका मानेतून आमच्या गच्चीवरच्या टाकीएवढं निघतं, आणि नुसतं निघत नाही, फवारा, तोही छतापर्यंत, आणि कॅमेरा हलतच नाही कारण एवढं केलंय तर दाखवायला नको का!

यावर नवऱ्याची थिअरी आहे (त्याची प्रत्येक गोष्टीवर असते). तो म्हणतो याचं मूळ १९६२ सालच्या 'सान्जुरो'मध्ये. शेवटचं द्वंद्व, दोघं कितीतरी वेळ नुसते समोरासमोर उभे, मग एकच वार आणि समोरच्याच्या छातीतून रक्ताचं कारंजं. ब्लॅक अँड व्हाइट असूनही दचकायला होतं. दिग्दर्शक कोण, तर कुरोसावा. म्हणजे शेवटी कुरोसावाच निघाला, फक्त त्याने अख्ख्या सिनेमात एकदा उडवलं आणि या पोरांनी नळ बंदच केला नाही.

इतकी वर्षं मी सहन केलं. ताट घेऊन आत बसायचे. पण मागच्या वर्षी सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या तीन महिने आमच्याकडे राहायला आल्या. आमचं घर वन बीएचके, त्यांचा पलंग हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोब्बर समोर. मला वाटलं सुटले, आता शनिवारी कीर्तन लागेल. नवऱ्याने दोन शनिवार दम धरला आणि तिसऱ्या शनिवारी म्हणाला, "आई, जपानचा सिनेमा आहे, बघतेस?"

आता सासूबाई गुडघे फार बिघडायच्या आधी ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपबरोबर जपानला जाऊन आलेल्या. आठ दिवस. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट चुकली की जपानमध्ये ती कशी बरोबर असते हे ऐकावं लागतं, लोकल लेट झाली की बुलेट ट्रेन, कचरेवाला आला नाही की तिथले रस्ते. त्या खुश झाल्या. "लाव लाव, फुजी दिसेल."

लागला 'हेलड्रायव्हर'. २०१० चा. निक्कात्सु म्हणून १९१२ साली सुरू झालेली जुनी सिनेमा कंपनी आहे, तिने असल्या सिनेमांसाठी 'सुशी टायफून' नावाचं वेगळं खातंच उघडलं होतं, त्यातला हा. दिग्दर्शक योशिहिरो निशिमुरा हा मुळात मेकअप आणि इफेक्टवाला माणूस, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. गोष्ट सांगते, मी शुद्धीवर आहे. एक अत्यंत दुष्ट आई, तिच्या छातीत आकाशातून उल्का येऊन आरपार भोक पाडते, तर ती बाई मरायचं सोडून पोटच्या पोरीचं हृदय उपटून स्वतःच्या भोकात बसवते. मग अर्ध्या जपानचे झॉम्बी होतात, त्यांच्या कपाळावर शिंगं उगवतात, मध्ये भिंत बांधून देशाचे दोन तुकडे होतात, लोक त्या शिंगांची पावडर करून नशा करतात आणि झॉम्बींना मानवी हक्क आहेत की नाहीत यावर राजकारण पेटतं. पोरीला मिळतं यंत्राचं हृदय आणि त्याच्यावर चालणारी करवतीची तलवार. पुढे झॉम्बींच्या हातापायांची बनवलेली मोटार पण आहे. तिचं पियूसी कोण काढतं माहीत नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात टोमॅटोच्या साराचं पातेलं, सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत, आता ओरडतील, मग ओरडतील. त्या चष्मा पुसून पुन्हा घालून पंधरा मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे कपडे कोण धुणार?"

"अं?"

"पांढरा शर्ट आहे बघ त्याचा. रक्ताचा डाग आहे. लगेच गार पाण्यात टाकला तर निघतो, गरम पाण्यात टाकलास की बसलाच." मग जरा थांबून, "आणि जपानमध्ये रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही गं, इथे आतडी पडलीयेत मघापासून, उचलायला एक माणूस नाही!"

तिथून जे सुरू झालं ते तीन महिने. प्रत्येक शनिवारी त्या उशीला टेकून बसायच्या आणि झॉम्बींच्या चुका काढायच्या. घरात घुसले तर चपला काढल्या नाहीत. ("तिथे बाहेर काढतात, मी स्वतः पाहिलंय," इति सासूबाई.) माणूस खाल्ला तर अर्धा टाकला, अन्नाची नासाडी. एक सिनेमा होता त्यात एक मुलगी बारीक व्हायचं म्हणून माशातला जंत गिळते आणि मग गावच्या संडासातून झॉम्बी वर येतात, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही कारण सासूबाई माझं लिखाण वाचतात, पण तो त्यांनी दहाव्या मिनिटाला बंद करायला लावला. भीतीने नाही हं. समोर वरणभात होता.

आणि मग एके दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला जो आठ वर्षांत मला सुचला नव्हता. "पण काय रे, त्यांच्यात तर आपल्यासारखं जाळतात ना? मग हे येतात कुठून?"

नवरा पहिल्यांदाच गप्प झाला. कारण खरंच आहे, जपानमध्ये जवळजवळ प्रत्येकाचं दहनच होतं, जमिनीत जाते ती राख. इंग्रजी सिनेमात ठीक आहे, कबर आहे, माती आहे, त्यातून हात वर येतो. इथे राखेच्या कलशातून काय वर येणार? मग त्या दोघांनी आठवडाभर बसून याचा छडा लावला आणि मलाही त्यात ओढलं. तर या बिचाऱ्या लेखकांची अर्धी अक्कल प्रेत पैदा करण्यातच खर्च होते. 'वाइल्ड झीरो'त थेट उडत्या तबकड्या आणल्या, आणि शूटिंग थायलंडमध्ये जाऊन केलं. 'व्हर्सस'मध्ये गुंडांनी जंगलात गुपचूप पुरलेली माणसं उठतात, पुरतानाचे कपडे आणि पिस्तुलं सकट, कारण ते जंगल म्हणजे म्हणे परलोकात उघडणाऱ्या जगातल्या ६६६ दारांपैकी ४४४ वं दार आहे. (बाकीच्या ६६५ दारांचा हिशोब शेवटपर्यंत दिलेला नाही.) 'टोकियो झॉम्बी'त तर कहर, लोकांनी इतका कचरा आणि इतकी नकोशी माणसं एका जागी टाकली की त्याचा डोंगर झाला आणि त्याला नाव पडलं काळा फुजी. अग्निशामक नळकांड्यांच्या कारखान्यातले दोन कामगार साहेबाला मारून तिथेच पुरतात. सासूबाईंनी खरा फुजी पाहिलेला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत नीट. "कचऱ्याचा डोंगर आपल्याकडे असतो," एवढंच म्हणाल्या.

२०२२ साली आमच्या गावावर 'झोंबिवली' आला तेव्हा नवऱ्याने ऑफिसात पेढे वाटले होते हे जाता जाता सांगते.

मग आला 'वन कट ऑफ द डेड'. २०१७ चा. पाणी शुद्ध करायचं एक पडीक केंद्र, तिथे एक टीम झॉम्बीपट शूट करतेय आणि खरे झॉम्बी येतात. पहिली ३७ मिनिटं एका दमात घेतलेला एकच शॉट. आणि काय वाईट हो! माणसं मध्येच गप्प होतात. झॉम्बी बाहेर, सगळे घाबरलेले, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतं तुमचा छंद काय. मेकअपवाली बाई स्वसंरक्षणाचा डाव करून दाखवते, "पोम!" म्हणून ओरडते. परत सगळे गप्प. मी म्हटलं यांनी संवाद लिहायचेपण पैसे वाचवले. ३७ व्या मिनिटाला नावं वर सरकायला लागली, सासूबाई रिमोटला हात घालतात तर नवरा ओरडला, "आई थांब, आत्ता कुठे सुरू होतोय!"

पुढचं सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितेय. एवढंच सांगते की ते सगळं वाईट का होतं ते नंतर कळतं आणि सासूबाई इतक्या हसल्या की शिवलेला गुडघा धरून बसल्या आणि मी पण हातातली भाजी निवडायची सोडून खाली फतकल मारून बसले.

संपल्यावर नवरा आकडे सांगायला लागला आणि इथे मात्र मी कान टवकारले. दिग्दर्शक शिनिचिरो उएडा, सगळे अनोळखी नट, खर्च ३० लाख येन, म्हणजे तेव्हाचे १८-२० लाख रुपये, आमच्या डोंबिवलीत त्यात वन आरके येत नाही. सुरुवातीला टोकियोतल्या दोन छोट्या थिएटरांत लागला आणि लोकांनी एकमेकांना सांगून सांगून कमाई गेली ३०० कोटी येनच्या वर. हजारपट! मी इतकी वर्षं ताळेबंद बघतेय, असला मी पाहिलेला नाही.

"आणि तो ३७ मिनिटांचा शॉट," नवरा म्हणाला, "सहा वेळा करावा लागला."

सासूबाई एकदम सरळ बसल्या. "सहा वेळा? म्हणजे प्रत्येकाचे कपड्यांचे सहा जोड?"

आम्ही तिघांनी पेपरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. माणसं, जोड, साबण. रात्रीचा एक वाजला होता.

याचा परिणाम म्हणजे सोसायटीच्या गणपतीत नवऱ्याने लहान मुलांचं नाटक जाहीर केलं, 'बी विंगमधला झॉम्बी'. रक्त घरीच करायचं ठरलं. इंटरनेटवर वाचून कॉर्न सिरप हवं म्हणाला, सासूबाई म्हणाल्या कशाला, साखरेचा पाक कर. गॅससमोर खुर्ची टाकून बसल्या, पाय स्टुलावर, हातात काठी, आणि तिथून ऑर्डरी. "एकतारी घे. दोनतारी केलास तर पोरांच्या अंगावर गोठेल, जिलबी होईल त्यांची." लाल रंग घातला तर सरबत दिसायला लागलं, मग चिमूटभर कोको घातला आणि अगदी खरं दिसलं, इतकं की इस्त्रीवाला दारात आला, नवऱ्याचे हात बघितले आणि कपडे पायपुसण्यावर ठेवून पैसे न घेता गेला. फवाऱ्याला रंगपंचमीची पिचकारी. रंगीत तालीम आमच्याच बाथरूममध्ये. पहिल्याच फवाऱ्यात छत, गिझर, माझा टॉवेल आणि नवऱ्याचा लग्नातला पांढरा कुर्ता, जो झॉम्बीला शोभेल म्हणून त्याने मुद्दाम काढला होता.

नाटक साडेचार मिनिटांत संपलं कारण ए विंगचा झॉम्बी स्वतःचा हात चाटत बसला आणि बाकीचेही चाटायला लागले. टाळ्या मात्र पडल्या.

रात्री अकराला मी बाथरूममध्ये डोकावले तर नवरा बादलीसमोर उकिडवा, कुर्ता घासतोय, बादलीच्या कडेने मुंग्यांची रांग थेट गिझरपर्यंत, आणि हॉलमधून आवाज, "गार पाणी घेतलंयस ना रे?"