फोटो काढला म्हणून कागद रद्दीत?

महिनाभरात बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवरून एकच मजकूर फिरत फिरत माझ्याकडे चारदा आला. वाचनालयांनी जागा अडवणारे जुने अंक आणि दफ्तरे सरळ रद्दीत काढावीत. मोबाईलने फोटो मारून ग्रुपवर टाकले की जतन झाले. पुढे सर्च केले की सगळे सापडते. 1848 पासून वाचनालय चालवणाऱ्या बेळगावात हे लाइकचे अंगठे देऊन उचलून धरले जातेय, म्हणून लिहितो.

'ग्रुपवर टाकले की जतन झाले.' व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते. दैनिकाचा बारीक टाइप मोठा करून बघा, 'घ' आणि 'ध' एकच दिसतात. शिवाय फोन बदलला की ग्रुपवरचा खजिना कुणाकडे राहतो? वर्तमानपत्राचे पान निदान 300, जमल्यास 400 डीपीआयवर (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके) स्कॅन करून टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाईलमध्ये ठेवायचे, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावात. काम कंटाळवाणे आहे, अवघड नाही.

'कागद हवाच कशाला?' शहापूर आज बेळगावातच मोडते, पण 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होते. तिथल्या एका घरातल्या खरेदीखताचा फोटो मला आला. मोडी मजकूर स्वच्छ, पण सुबक दिसावा म्हणून वरचा भाग कापलेला. नेमका तिथेच स्टँप असतो. तो सांगलीचा की इंग्रजी मुलखातला, हे कळल्याशिवाय पुढचे कागद कुठल्या दफ्तरात शोधायचे तेच कळत नाही. शेवटी घर गाठले. "एवढ्यासाठी कशाला आलासा ओ," म्हणत आजोबांनी घडी उलगडली. स्टँप सांगलीचा होता. पाठीमागे वेगळ्या हातच्या दोन ओळी होत्या, हप्ते फिटल्याच्या. फोटो काढणाऱ्याने कागद उलटलाच नव्हता.

सीमाप्रश्नाच्या कात्रणांचे तर विचारू नका. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगावरचे कात्रण दोन्ही बाजूंचे लोक पुरावा म्हणून फिरवतात. पत्राचे नाव नाही, तारीख नाही. ते 1967 च्या अहवालाआधीचे की नंतरचे, एवढे तरी कळायला नको?

'सर्चमध्ये सगळे सापडते.' खरी गंमत इथे आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधी आपण गांव, नांव, कांहीं असे लिहायचो. 'बेळगाव' टाकले की 'बेळगांव' निसटते; इंग्रजी कागदात बेलगाम, आणि 2014 पासूनच्या सरकारी कागदात बेळगावी. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे 1924 चे अधिवेशन शोधायचे तर 'काँग्रेस' टाकून भागत नाही, तेव्हाचे मराठी लेखक 'राष्ट्रीय सभा' लिहायचे. म्हणून कुणीतरी बसून, माहीत असलेली सगळी रूपे घालून, हाताने सूची करावी लागते. आणि मोडी वाचणारे गल्लीत एक-दोघेच उरलेत, त्यांच्याकडे आधी जायला हवे.

'जुने आहे, खुशाल टाका' हे अर्धेच खरे. निनावी मजकूर छापल्यापासून 60 वर्षांनी कॉपीराइटमधून मोकळा होतो, सहीचा लेख मात्र लेखक गेल्यावर 60 वर्षांनी.

त्या मजकुरातली एक गोष्ट मला पटते. जीर्ण फाईल रोज हाताळू नये. वाचकाला स्कॅन द्यावा. मोबाईलनेही चालेल. फक्त पान चारही कडांसह घ्या, उलटून मागची बाजू घ्या, आणि शेजारी चिठ्ठी ठेवा: पत्राचे नाव, तारीख, पान, कागद कुणाकडे आहे. पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.