एक्स वाढतो, कागद पुरत नाही

मूल अकरावी सायन्सला असलं की डायनिंग टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. परवा तिथे ग्राफ पेपर पसरून कन्या म्हणाली, "बाबा, टू रेज्ड टू एक्सचा ग्राफ आहे. सोप्पाय रे."

म्हणजे दोनाचा एक्सावा घात, एक्स एकानं वाढला की वाय दुप्पट. सुरुवात सोपीच असते. एक्स ० तर वाय १, मग २, ४, ८, १६. दोन्ही अक्षांवर एक सेंटिमीटरला एक एकक. एक्स पाचला ३२ सेंटिमीटर हवे, तिथे कागद संपला. मला उगाच चेव आला आणि पुढचा हिशेब मांडला. दहाला १०२४ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादहा मीटर; रेघ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत. विसाला जवळपास साडेदहा किलोमीटर! ८८४९ मीटरचा एव्हरेस्ट खालीच राहिला. आणि आडवे आपण सरकलो किती? वीतभर.

डावीकडे उलटी तऱ्हा. अर्धा, पाव, अर्धपाव... उणे पाचला उंची उरते जेमतेम ०.३ मिलिमीटर. आमची पेन्सिल ०.५ ची. हा वक्र म्हणजे सोवळ्यातली आजी, अक्षाच्या जवळ येईल पण शिवणार नाही. शिवला की मॅडम मार्क कापतात. शिसं पॉलिश पेपरवर घासून मी सुईसारखं टोक काढलं, श्वास रोखला, रेघ ओढली. अक्षाला चिकटली.

"स्केल बदलू," मी म्हणालो. उभं प्रमाण एक सेंटिमीटरला आठ एकक केलं. मेला बुटका होईल म्हणता, जसाच्या तसा तीन सेंटिमीटर उजवीकडे सरकून उभा! आठानं भागणं म्हणजे घातातून तीन वजा करणं. गणिताचा हा चावटपणा मला मनापासून आवडला, कन्येला नाही. तिनं उणे तीन ते चार एवढंच काढलं, दोन्ही टोकांना बाण मारले आणि मोबाईल उचलला.

मी मात्र क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटकडे वळलो. महिना ३ टक्क्यांनी थकबाकी दोन वर्षांत दुप्पट. बचत खात्यावर वर्षाला ३ टक्के धरले तर दुपटीला साडेतेवीस वर्षं. वक्र एकच, त्यांच्या आडव्या अक्षावर महिने, आपल्या आडव्या अक्षावर वर्षं.

हे बायकोला आलेखासकट समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अरे, मग तू जरा उणे बाजूला खरेदी कर ना."