2035 साली गंगा आटणार? खुलासा

‘2035 पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपणार, गंगा कोरडी पडणार’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो आकडा चुकीचा आहे. आयपीसीसीच्या (हवामानबदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) 2007 च्या अहवालात तो शिरला आणि जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीनेच चूक कबूल केली.

गंगेचं बहुतेक पाणी मोसमी पावसाचं. वितळत्या बर्फाचा वाटा उत्तराखंडात मोठा असतो, पाटण्यापर्यंत बराच घटतो. पण पावसाआधीच्या उन्हाळ्यात, म्हणजे नेमका गंगा दशहऱ्याच्या सुमाराला, त्याचाही आधार.

म्हणून निर्धास्त होऊ नका. गोमुख, म्हणजे जिथून गंगा उगम पावते ते गंगोत्री हिमनदीचं टोक, मागे सरकतंय, हे खरंच. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर हिंदुकुश-हिमालयातला सुमारे एक तृतीयांश बर्फ जाईल, असा 2019 चा अंदाज आहे.