आहे, पण दिसत नाही

'गाडी बाजूला घ्या' हे शब्द ऐकले की लायसन, आरसी, पीयूसी सगळं खिशात असलेला माणूससुद्धा मनातल्या मनात आपले गुन्हे आठवायला लागतो. पुण्यातल्या एका चौकात आमचं तेच झालं. गाडी माझ्या नावावर, चालवत होती ही.

"इन्शुरन्स?" हवालदार साहेब.

"आहे ना!" मी छातीठोकपणे म्हणालो.

आहे म्हणजे मोबाइलमध्ये आहे. मोबाइलमध्ये म्हणजे ईमेलमध्ये, आणि तिथल्या पीडीएफला पासवर्ड. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. माझं नाव मला पाठ आहे, पण एजंटाने अर्जात नावाच्या आधी 'मिस्टर' लिहिलं असावं, असा मला दाट संशय आहे. तसं असेल तर ती पहिली चार अक्षरं माझी नसून समस्त पुरुषजातीची आहेत. मग डिजिलॉकर उघडलं. तिथला ओटीपी गेला जुन्या नंबरावर, आणि तो नंबर आता कुणाकडे आहे ते देव जाणे.

एव्हाना ही मोबाइलवर कायदा वाचू लागली होती. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९६. विमा नसलेली गाडी चालवली तर पहिल्यांदा २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४०००. शिवाय शिक्षा चालवणाऱ्याला तशीच चालवू देणाऱ्यालाही. म्हणजे सात जन्मांची नाही, तरी तीन महिन्यांची सोबत पक्की. बाकी मी हिला गाडी 'चालवू देतो' असं म्हणायची हिंमत आमच्या घरात फक्त कायद्याचीच!

खरी धास्ती दंडाची नसतेच. बिनविम्याच्या गाडीने कुणाला इजा झाली, की न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई मालकाच्या बोडक्यावर. २००० रुपये भरून माणूस घरी जातो. तिथे घरच विकायची पाळी येऊ शकते. म्हणून थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि ही सक्ती मला मनापासून पटते. न पटणारी गोष्ट पासवर्ड.

"अहो, कलम १३०!" ही ओरडली. विम्याचा कागद जवळ नसेल तर पंधरा दिवसांत त्याची साक्षांकित प्रत स्वतः नेऊन द्यावी किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावी, अशी सोय कायद्यातच आहे. विमा नसणं वेगळं आणि कागद नसणं वेगळं, हे संसदेला कळलंय. पीडीएफला कळायचंय.

"दादा, पोस्टाने पाठवलं तर चालेल?" हिने विचारलं.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, हातातल्या मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि क्षणात म्हणाले, "मार्चपर्यंत आहे तुमचा इन्शुरन्स. जा."

"तुम्हाला दिसतंय, तर आम्हाला कशाला विचारलंत?"

"ताई, तुम्हाला माहितीये का ते बघतो."

ते मागच्या टेम्पोकडे वळलेसुद्धा. हिने गाडी सुरू केली. मी मात्र इरेला पेटून मिस्टरची स्पेलिंगं टाकून बघत होतो.